एकोणीस मतांची निवडणूक

२००६ च्या पावसाळ्यात कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी विद्यार्थी मंडळाच्या सचिवपदासाठी उभा राहिलो, तेव्हा माझा डोळा खरे तर पुढच्या पायरीवर होता. महाविद्यालयांचे सचिव शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळात जात आणि विद्यापीठाचा अध्यक्ष त्यांच्यातूनच निवडला जाई. कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन जिल्ह्यांच्या विद्यार्थ्यांचा अध्यक्ष! विद्यापीठाच्या आवारातील शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोरून जाताना मी मनातल्या मनात अध्यक्षीय भाषण जुळवत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या काळची निवडणूक कशी होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. पूर्वी महाविद्यालयातील सगळे विद्यार्थी मतदान करून ‘जी.एस.’ म्हणजे सरचिटणीस निवडत, पण मारामाऱ्या आणि खुनापर्यंत गेलेले प्रकार पाहून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने ती पद्धत बंद केली. त्यानंतर प्रत्येक वर्गात आदल्या वर्षी पहिला आलेला विद्यार्थी प्राचार्यांकडून प्रतिनिधी म्हणून नेमला जाऊ लागला, खेळ, एन.सी.सी., एन.एस.एस. आणि सांस्कृतिक विभागाचा एकेक आणि दोन विद्यार्थिनी त्यात मिळवल्या जात, आणि एवढ्यांनीच आपल्यातून सचिव निवडायचा. अर्थशास्त्रात पहिला आल्यामुळे मी त्या मंडळात होतो. आमच्याकडे असे एकोणीस जण होते. महाविद्यालयात विद्यार्थी दोन हजारांच्या घरात असतील.

मी मात्र प्रचार केला तो त्या दोन हजारांत. वर्गावर्गांत जाऊन ग्रंथालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे ठेवण्याबद्दल आणि खेड्यातून येणाऱ्या मुलींसाठी एस.टी.च्या वेळा बदलून घेण्याबद्दल बोललो. प्रथम वर्षाच्या एका वर्गात टाळ्या पडल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने शांतपणे विचारले, “सर, आम्हाला मत आहे का?” मी सर नव्हतो आणि तिला मत नव्हते. दोन्ही गोष्टी सांगून मी खाली उतरलो, तेव्हा वर्ग हसत होता.

माझे मामा करवीर तालुक्यातल्या एका दूधसंस्थेचे ठरावधारक होते. जिल्ह्याच्या दूध संघाच्या निवडणुकीत संस्थेच्या वतीने ज्याच्या नावाचा ठराव होतो तोच मत देतो, आणि निवडणूक जवळ आली की त्या माणसाला अचानक जावयाचा मान मिळू लागतो. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, “भाषणं कसली करतोस? यादी कर. कोण कुणाच्या घरात जेवतंय ते बघ.” मला ते फार गावठी वाटले. तरी यादी केली. एकोणीसपैकी अकरा जणांनी “मत तुलाच की रं” असे तोंड भरून सांगितले होते, त्यामुळे यादी मिटवून वहीत ठेवली आणि ग्रंथालयाच्या निवेदनाचा मसुदा करीत बसलो.

मतदानाच्या दोन दिवस आधी त्यांपैकी काही जण वर्गात दिसेनासे झाले. एकाच्या घरी विचारले, तर त्याची आई म्हणाली की तो कॉलेजच्या सहलीला आंबोलीला गेला आहे. महापौर निवडीच्या आधी नगरसेवक सहलीला जातात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण वर्गात पहिली येणारी मुले त्याच वाटेने जातील, हे माझ्या अर्थशास्त्रात बसत नव्हते. मतदानाच्या दिवशी साडेदहाला फाटकातून एक ट्रॅक्स जीप आत आली आणि तीतून बाराजण उतरले. पँटा गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, चपलांना आंबोलीचा लाल चिखल, आणि एकाच्या हातात अर्धे खाल्लेले कणीस. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. फक्त तो कणीसवाला जाता जाता “सॉरी भावा” असे पुटपुटला. प्राचार्यांच्या टेबलावर चिठ्ठ्या उलगडल्या, तेव्हा बाराविरुद्ध सात असा निकाल लागला. त्या सातांत एक मत माझेच होते. ट्रॅक्समध्ये न बसलेल्या सहा जणांचे मला आजही अप्रूप वाटते, कारण त्यांपैकी दोघांनी मला होकार दिलाच नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. उमेदवाराने पाच हजार रुपयांहून अधिक खर्च करू नये, छापील पोस्टर वापरू नये, त्याची ७५ टक्के हजेरी असावी, आणि जिथे नेमणुकीची पद्धत आहे तिथे पाच वर्षांच्या आत निवडणूक सुरू करावी, असे त्यांत म्हटले होते. माझा खर्च चहा, कटवडा आणि झेरॉक्स मिळून तीनशे चाळीस रुपये झाला होता. ट्रॅक्सचा हिशेब कोणी विचारला नाही.

महाराष्ट्रात खुली निवडणूक कायद्यात यायला २०१६ साल उजाडले. नव्या कायद्याने महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला मत दिले, ही मोठीच गोष्ट झाली. विद्यापीठाचा अध्यक्ष मात्र महाविद्यालयांतून निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनीच निवडायचा आहे, म्हणजे वरच्या मजल्यावर ट्रॅक्सची सोय शाबूत आहे. तीन जिल्ह्यांचे मतदार म्हटल्यावर बस लागेल, एवढाच फरक.

२०१९ मध्ये या निवडणुकांचे वेळापत्रक ठरले, तेव्हा माझी भाची पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती उभी राहणार होती. तिने पिवळ्या कार्डशीटवर स्वतःच्या हाताने चार पोस्टर रंगवली आणि मला विचारले, “मामा, आधी यादी करू की भाषण लिहू?” मी उत्तर देण्याचे टाळले. पुढे विधानसभा निवडणुकीमुळे वेळापत्रक लांबणीवर पडले, आणि ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. पूरग्रस्तांसाठी उघडलेल्या एका शाळेत मी तिला डबा द्यायला गेलो, तेव्हा तीच पोस्टर उलटी करून दारांवर चिकटवलेली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिच्याच अक्षरात ‘औषधे’, ‘कोरडे कपडे’, ‘लहान मुलांचे दूध’ असे लिहिले होते. चौथ्यावर काय लिहायचे, ते अजून ठरायचे होते.