चर्चचा इतिहास लिहिताना सहा महिने कुठे गेले: माझा अनुभव

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या छोट्या धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाची, स्मरणिका निघायची होती आणि चर्चच्या इतिहासाची चार पानं माझ्या वाट्याला आली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं तर पुढे ज्या कार्यालयाबद्दल लिहिणार आहे ते लगेच ओळखू येईल. चार पानांना नऊ महिने लागले. त्यातले सहा एकाच टेबलापुढे गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणूनच लिहिते आहे. पुढच्या कुणाचे सहा महिने तरी वाचावेत.

बाकी कुठे अडलं नाही. फादरांनी कपाट उघडून दिलं, 1882चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळालं, गावातल्या जुन्या माणसांनी आठवेल ते सांगितलं. अडलं ते एका प्रश्नावर: आत्ता उभी आहे ती इमारत कधी बांधली आणि परवानगी कुणी दिली? दर्शनी भिंतीवरच्या दगडावर साल आहे, गावात तेच स्थापनेचं साल म्हणून सांगतात. पण त्या सालाच्या आधीचा शब्द कुणी वाचलेला नव्हता. तो आहे ‘रीएडिफिकाडा’, म्हणजे ‘पुन्हा बांधलेली’. पोर्तुगीज शिलालेखात हा शब्द दिसला की ते साल जन्माचं नाही, दुरुस्तीचं किंवा पुनर्बांधणीचं. ‘एडिफिकाडा’ आणि ‘रीएडिफिकाडा’ यांत रोमन लिपीत दोनच अक्षरांचा फरक, आणि चुना लावून लावून नेमकी तीच अक्षरं बुजतात. ओल्या फडक्याने हलकं पुसायचं आणि संध्याकाळी टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरायचा. अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि दुपारी न दिसणारं वाचता येतं.

पुनर्बांधणी झाली तर त्या वेळच्या फादरांनी बिशपांकडे परवानगी मागितलेली असणार. ते पत्र किंवा निदान त्याची नोंद शोधायला मी एका कार्यालयात गेले. सोबत धर्मग्रामाच्या लेटरहेडवर फादरांच्या सही-शिक्क्याचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, ‘चर्चच्या इतिहासासंबंधीची कागदपत्रं पाहू द्यावीत.’ उत्तर मिळालं, ‘अर्ज ठेवून जा.’ महिन्याने गेले तर अर्ज सापडेना. पुन्हा दिला. तिसऱ्या फेरीला, ‘तुमच्या चर्चची फाइल आमच्याकडे नाही.’ चौथ्या फेरीला, ‘जुने कागद केव्हाच गेले.’ गेले म्हणजे वाळवीने, पावसात की दुसऱ्या गावी, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. मी मात्र ते खरं मानलं आणि इमारतीवरचा परिच्छेद सोडून द्यायचं ठरवलं.

सुटका झाली ती एका निवृत्त फादरांच्या प्रश्नाने. त्यांनी विचारलं, ‘त्या सालात आपण कुणाच्या हाताखाली होतो?’ हा प्रश्न मी पहिल्या दिवशी स्वतःला विचारायला हवा होता. आणि त्या टेबलावरच्या माणसाने मला विचारायला हवा होता, त्याचं कामच ते आहे.

वसईतल्या जुन्या धर्मग्रामांची वाट साधारण अशी आहे. मे 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्य बदललं, पण चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडेच राहिला. 1886मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, दमणचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, उभा राहिला आणि वसईची पोर्तुगीज परंपरेतली चर्चेस त्याच्याकडे गेली. 1928च्या करारात तो धर्मप्रांत मोडला. आपली चर्चेस मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली आणि दमणचं नाव गोव्याला जोडलं गेलं, म्हणून ते आजही ‘गोवा आणि दमण’ असं म्हणवतं. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला 22 मे 1998ला.

म्हणजे गाव तेच, चर्च तेच, पण वरचं कार्यालय चार वेळा वेगळं. 1900 सालचं पत्र दमणच्या बिशपांना लिहिलेलं असणार. ते 1998मध्ये सुरू झालेल्या धर्मप्रांतात तयार झालेलंच नाही. 1928नंतर ते लोकांबरोबर मुंबईला गेलं असेल किंवा नावाबरोबर गोव्याला. मधल्या काळातल्या कागदासाठी दोन ठिकाणी एकाच वेळी विचारायचं, एकाचं ‘नाही’ येईपर्यंत दुसरं थांबवून ठेवायचं नाही. माझ्या दगडावरचं साल याच मधल्या काळातलं. मी चौथ्या फेरीपर्यंत चुकीच्या दारात उभी होते, आणि ‘आमच्याकडे नाही’ याचा अर्थ ‘कुठेच नाही’ असा करून बसले होते.

अर्जाचं वाक्यही बदललं. ‘इतिहास हवा’ असं कुणालाही शोधून देता येत नाही, कारण त्या नावाची फाइल नसते. नव्या अर्जात मी चार गोष्टी लिहिल्या: चर्चचं नाव पोर्तुगीज रूपात, जसं तेव्हा लिहीत तसं; पाच वर्षांची मुदत, दगडावरच्या सालाच्या आधीची चार आणि ते एक; कागदाचा प्रकार, म्हणजे चर्च पुन्हा बांधण्याच्या परवानगीचं पत्र किंवा आवक-जावक वहीतली नोंद; आणि तेव्हाचा धर्मप्रांत. पाकीट दोन्हीकडे गेलं. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं: पत्र नाही, पण जावक वहीत दीड ओळीची नोंद आहे, परवानगी दिल्याची. त्या दीड ओळीचा फोटो उघडला तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. सहा महिने अडलेलं काम तीन आठवड्यांत झालं होतं.

मग आपल्याच कपाटातली बाप्तिस्म्याची वही पुन्हा चाळली. शेवटच्या कोऱ्या पानांवर त्या वेळच्या फादरांनी तुळया, चुना आणि गवंड्यांचा हिशोब लिहून ठेवला होता. पहिल्यांदा चाळताना मी तिथपर्यंत गेलेच नव्हते. त्यामुळे वही मागच्या पुठ्ठ्यापासून उघडायची आणि कोरी वाटणारी पानं एकेक करून पाहायची.

जमिनीच्या कागदांतही हीच गंमत. वसई तालुका 1 ऑगस्ट 2014पासून पालघर जिल्ह्यात आहे, त्याआधी तो ठाण्यात होता. सातबारा आणि फेरफार तालुक्याला मिळतात. जिल्हा पातळीवरचं जुनं हवं असेल तर ठाण्यातही विचारा, पालघरला ‘नाही’ म्हणाले म्हणून थांबू नका.

वह्या वाचताना सगळ्यात जास्त फसवतात ते महिने. ‘7ब्रो’ लिहिलेलं दिसलं की आपण जुलै समजतो. तो सप्टेंबर. पोर्तुगीजमध्ये ‘सेतेंब्रो’, त्यातल्या ‘सेते’चा म्हणजे सातचा आकडा टाकून लिहिलेला. तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं ‘एक्स’ म्हणजे डिसेंबर. माझ्या पहिल्या यादीत अकरा बाप्तिस्मे दोन महिने आधी पडले होते. नावंही आखडलेली असतात, मारियाचा फक्त ‘म’ आणि वर छोटा ‘आ’. आडनाव एकाच घरात दोन तऱ्हेने येतं: डाबरे आणि ‘दे आब्रेउ’ ही दोन कुटुंबं समजू नका.

वहीचं पान सापडलं नाही, फाटलेलं असलं, तरी निराश होऊ नका. 1918पासून लागू झालेल्या चर्चच्या कायद्यात दर वर्षाअखेरीस वह्यांची प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवायचा नियम होता. आता 1928पर्यंतच्या प्रती कुणाकडे गेल्या असतील ते तुम्हाला कळेलच.

छतावरचं कौल पाहून साल ठरवू नका. मंगलोरी कौलावर बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या शिक्क्यात 1865 असतं. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं. आमच्याकडे दोघा जाणत्यांनी यावरून छताचं वय ठरवलं होतं. घंटेवरचं साल घंटेचं असतं, चर्चचं नव्हे, आणि घंटा फिरतात. वसईच्या मोहिमेतून गेलेली 1707ची घंटा वाईजवळच्या मेणवलीला आहे आणि 1721ची नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. वेदीवर वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांचा ‘संत’ असा उल्लेख असेल तर तो 8 जून 1862नंतरचा धरा, त्या दिवशी ते संत घोषित झाले.

फादरांची यादी करायची तर कुणाला विचारत बसू नका. वहीतल्या नोंदीखालच्या सह्या उतरवा, पहिली आणि शेवटची तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांपुरती दिसणारी सही बहुधा बदली फादरांची, ती यादीत वेगळी ठेवा.

वही पावसाळ्यात उघडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पानं चिकटतात आणि जुन्या लोखंडी शाईने कागद आधीच आतून खाल्लेला असतो, पान ओढलं की ओळच्या ओळ गळून पडते. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, सोबत फक्त पेन्सिल ठेवा, फोटो फ्लॅशशिवाय आणि प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक आला पाहिजे. फाटलेल्याला सेलोटेप कधीच नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्या एका वहीवर जुनी टेप होती. तिच्याखालचं नाव तपकिरी डागात कायमचं गेलं आहे. बापाचं नाव वाचता येतं, मुलाचं नाही.