वरून दिसणारे अरण्य

चार फूट लांब आणि चार फूट रुंद फळीवर अठराव्या शतकातील उत्तर अमेरिकेचे अरण्य मांडायला घेतले की पहिली अडचण बोटांची येते. न्यूयॉर्कमधल्या लेक जॉर्ज या तळ्याच्या आसपास हेमलॉक, ओक आणि पांढऱ्या पाइनचे रान जितके दाट होते तितके ते टेबलावर उभे केले, तर २८ मिलिमीटर उंचीचा शिपाई पुढे सरकवायला त्यात हातच शिरणार नाही. म्हणून मिनिएचर शिपाई घेऊन चकमकीचे खेळ खेळणाऱ्या आम्हा मंडळींनी एक सोयीचा करार करून टाकलेला असतो. हिरव्या फेल्टचा वेडावाकडा तुकडा अंथरायचा, त्यावर तारेला पीळ देऊन केलेली चार-पाच झाडे ठेवायची आणि त्या तुकड्याच्या कडेच्या आत सगळे निबिड अरण्य आहे, असे दोन्ही खेळाडूंनी मान्य करायचे. आड येणारे झाड उचलून बाजूला ठेवायचे. इतके समजूतदार जंगल त्या काळी कोणत्याही सेनापतीच्या वाट्याला आले नाही.

आम्ही खेळतो ते युद्ध १७५४ ते १७६३ या काळातले, इंग्रजीत ‘फ्रेंच अँड इंडियन वॉर’ म्हणून ओळखले जाणारे. एका बाजूला ब्रिटन आणि त्याच्या वसाहती, दुसऱ्या बाजूला फ्रेंच कॅनडा, आणि ज्यांच्या मदतीवाचून दोघांनाही रानात पाऊल टाकणे अवघड होते अशी अबेनाकी, मोहॉक, शॉनी, डेलावेअर ही मूळनिवासी राष्ट्रे. मोठ्या लढायांच्या खेळात एक आकृती बऱ्याच माणसांच्या बदली उभी असते. चकमकीच्या खेळात एक आकृती म्हणजे एकच माणूस, आणि दोन्ही बाजू मिळून पन्नास-साठ माणसे पुरतात. त्यामुळे ब्रिटिशांच्या बाजूने रानात लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सच्या रेंजरांचे हिरवे डगले किंवा ब्रिटिशांच्या ४४व्या पलटणीच्या लाल कोटावरची पिवळी किनार भिंगाखाली रंगवताना प्रत्येकाशी ओळख होत जाते. (रंगाआधीचा स्प्रेचा अस्तर-थर, म्हणजे प्रायमर, मात्र पावसाळ्यात मारू नये, दमट हवेने त्यावर भुरकट थर धरतो आणि लढाईआधीच सगळी पलटण आजारी दिसू लागते.) दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या मुलांनाही हे सुख ठाऊक असते, पण त्यांचे मावळे भाऊबीजेपर्यंत जागच्या जागी पहारा देतात, आमच्या शिपायांना चालावे, लढावे आणि बहुतेक वेळा पळावे लागते.

त्यांना चालवू लागले की या खेळातली मूळ लबाडी लक्षात येते. खेळाडू वरून पाहतो. ओढ्यापलीकडे कोण दबा धरून बसले आहे आणि कुंपणामागे किती बंदुका आहेत, हे त्याला चहा पिता पिता दिसते. ९ जुलै १७५५ रोजी मोनोंगहेला नदी ओलांडून फोर्ट डुकेन या फ्रेंच किल्ल्याकडे निघालेल्या ब्रिटिश जनरल ब्रॅडकला यातले काहीच दिसत नव्हते. त्याच्या पुढच्या तुकडीत सुमारे १,३०० माणसे होती आणि समोरचे फ्रेंच, कॅनडियन आणि मूळनिवासी योद्धे मिळून त्याहून कमी होते. तरीही काही तासांत ब्रॅडकची जवळजवळ ९०० माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांनी शत्रू आपल्याला धड दिसलाच नाही असे सांगितले. झाडांमागून उठणाऱ्या धुराच्या रोखाने त्यांनी झाडलेल्या फैरींत आडोशाला गेलेली वसाहतींची, म्हणजे आपलीच, माणसे पडली. हाच प्रसंग साध्या नियमांनी टेबलावर खेळला, तर ब्रॅडक झालेला खेळाडू शांतपणे दोन तुकड्या बाजूच्या घळीत पाठवतो आणि जिंकतो.

तेव्हा नियम लिहिणाऱ्याची कसोटी खेळाडूला पुन्हा आंधळे करण्यात आहे, असे मला वाटते. काही नियमांत तुकड्यांची पाळी पत्त्यांच्या कॅटमधून निघते, त्यामुळे आपल्या शिपायांना ठासणीच्या बंदुका भरायला वेळ मिळेल की त्याआधीच समोरचे अंगावर येतील, हे पत्ता उलटेपर्यंत कळत नाही. काही नियमांत रानातल्या माणसांच्या जागी कोऱ्या चकत्या सरकतात; एखादीखाली दहा बंदूकधारी असतात आणि एखादीखाली कोणीच नसते. अशा रिकाम्या चकतीवर अख्खी फैर वाया घालवलेला प्रतिस्पर्धी पाहण्यासारखा असतो. उलट, ज्या नियमांत प्रत्येक नायकाला दहा-दहा खास शक्ती वाटलेल्या असतात, ते मला दुसऱ्या डावापर्यंतच सहन होतात.

पण मूळनिवासी योद्ध्यांच्या बाबतीत बरेचसे नियम स्वतःच आंधळे होतात. रानात जलद चालण्याची मुभा त्यांना मिळते, आणि लूट किंवा कैदी हाती लागले की ते घरी परततात, हे त्यांचे वैगुण्य म्हणून नोंदवले जाते. फ्रान्सच्या राजासाठी शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. ते आपापल्या राष्ट्राचे हित पाहून येत आणि तेच पाहून जात. ऑक्टोबर १७५८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे झालेल्या तहाने ओहायो खोऱ्यातील राष्ट्रे फ्रेंचांपासून दूर झाली आणि पुढच्याच महिन्यात फ्रेंचांनी फोर्ट डुकेन स्वतःच्या हाताने उडवून दिला. ब्रॅडक जिथे पोहोचू शकला नाही ती जागा अशी मिळाली. चार फुटी फळीवर हा तह कसा मांडावा, याची युक्ती मला अजून सुचलेली नाही.

सध्या आमच्याकडे हिवाळा चालू आहे. १३ मार्च १७५८ रोजी जाळीदार जोडे घालून खोल बर्फातून निघालेल्या रॉजर्सच्या सुमारे १८० माणसांपैकी शंभराहून अधिक माणसे परतली नाहीत, ती चकमक मांडायची आहे. बर्फासाठी खाण्याचा सोडा फेव्हिकॉलमध्ये कालवू नये, तो काही काळाने पिवळा पडतो, एवढे ठरले. वाद उरला आहे तो रॉजर्सच्या सुटकेचा. लेक जॉर्जच्या काठच्या कड्यावरून तो घसरत खालच्या गोठलेल्या पाण्यावर उतरला अशी दंतकथा आहे आणि त्या कड्याला आजही त्याचेच नाव आहे. माझ्या मित्राच्या मते दोन फासे टाकावेत आणि दोन्हींवर सहा पडले तरच रॉजर्स वाचावा. माझे म्हणणे असे की फाशांची गरजच नाही. पाठलाग करणाऱ्यांच्या नजरेआड झाला की तो सुटला, कारण त्या घटकेला त्याला एवढेच साधायचे होते. टेबलावर उभा असलेला माणूस दिसेनासा कसा होईल, असे मित्राने विचारले. मी रॉजर्सला उचलून खिशात घातले, तेव्हा त्याने तो नियमभंग ठरवून माझे दोन रेंजर बाद केले.