बुचातल्या रिकाम्या खोल्या

आठवीच्या वर्गाला इतकी वर्षं मी एका दमात सांगत आले: १६६५, रॉबर्ट हूक, बूच, पेशीचा शोध. यंदा प्रयोगशाळेचं कपाट आवरताना जुन्या बाटल्यांची खरी बुचं हाती लागली आणि ठरवलं, मुलांनाच बघू दे.

पहिले वीस-पंचवीस काप वाया गेले. दाढीचं ब्लेड कोरं होतं, तरी काप जाडच. मायक्रोस्कोपखाली नुसता काळा डाग. मग त्यांना सांगितलं की हूकनेही चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि पांढरट काप उठून दिसावा म्हणून खाली काळी पट्टी ठेवून भिंगाने त्यावर उजेड पाडला होता. शेवटी एका मुलीने ब्लेड तिरकं धरलं. कापाची एक कड इतकी विरळ उतरली की श्वासानेही हलत होती. तेवढ्या कडेवर पोळ्यासारखी जाळी दिसली.

ती बराच वेळ डोळा लावून उभी होती. मग म्हणाली, "बाई, आत तर काहीच नाही."

खरंच नव्हतं. बूच म्हणजे ओक जातीच्या झाडाची साल, पेशी कधीच मेलेल्या, उरल्या त्या भिंती. हूकने बुचात पाहिल्या त्या याच भिंती, आणि त्यावरून नाव दिलं 'सेल', म्हणजे लहानशी खोली. दहाएक वर्षांत हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या ल्यूवेनहॉकने, जो मूळचा कापडाचा व्यापारी, तळ्याच्या पाण्यात जिवंत, हलणारे जीव पाहिले. पण वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत, हे श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडलं. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली! हे अंतर मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं. 'शोध लागला' म्हणून पुढे जात होते.

हूकने खोल्या मोजल्याही होत्या: इंचाच्या अठराव्या भागात साधारण साठ. मुलांनी लगेच काचपट्टीखाली पारदर्शक मोजपट्टी सरकवली. एका मिलिमीटरमध्ये कुणी ३७ मोजल्या, कुणी ४१. हूकचा हिशेब मिलिमीटरमध्ये केला तर ४२ च्या आसपास येतो. अठरा गुणिले साठ, म्हणजे एका इंचात १०८०. फळ्यावर त्याचा घन काढला, एका घन इंचात सव्वाशे कोटींहून जास्त खोल्या. घंटा झाली तरी चौघं मायक्रोस्कोप सोडेनात. त्यांना ४१ पुन्हा मोजायच्या होत्या.