आधी सलाईन लावा, मॅडम

ऑक्टोबर हीट ऐन भरात होती. रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास चार जणांनी एका चाळिशीतल्या माणसाला उचलून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. पाचही जण एकाच अवतारात: भिजून खारवलेले टी-शर्ट, पाठीला चिकटलेली पाण्याची पिशवी, बुटांना लाल माती. त्यातला वयाने मोठा वाटणारा पुढे झाला. "मॅडम, डिहायड्रेशन झालंय. पहाटे चारपासून खारघर हिलवर पळतोय आम्ही. आधी सलाईन लावा, बाकीचं मागाहून बघू."

निदान बरोबर घेऊन येणारी माणसं आम्हाला रोजची. पण या मंडळींना मी उडवून लावलं नाही, कारण आमच्या भागात उन्हाची धास्ती उगाच नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या गर्दीतले १४ जण उष्माघाताने गेले. त्यानंतर उन्हातून आलेला पेशंट दिसला की आमच्या सिस्टर ऑर्डरची वाट न बघता आरएलची, म्हणजे साध्या सलाईनसारख्याच द्रावणाची, बाटली स्टँडला अडकवतात. त्या दिवशीही अडकवली होतीच.

माणूस मात्र त्या साच्यात बसत नव्हता. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. आज वार कोणता, यावर बराच वेळ छताकडे बघून म्हणाला, "चौथा." मित्राने खुलासा केला की चौथी चढाई अर्धी झाली असताना तो खाली बसला, ती त्याच्या डोक्यात अडकलीय. डोकं प्रचंड दुखत होतं. ट्रॉलीवर घेता घेता उलटी झाली, तीही नितळ पाण्याची. नाडी ८८, बीपी १४०/८६. सुकलेल्या माणसाची नाडी धावते आणि बीपी खाली येतं. इथे तसं काही नव्हतं. जीभ ओली. शुगर ११२. काखेत थर्मामीटर लावून उष्माघात कळत नाही, म्हणून गुदद्वारातून तापमान घेतलं, तेही ३७.६. म्हणजे ऊनही नाही.

व्हेन शोधायला हात हातात घेतलेल्या सिस्टर थबकल्या. "मॅडम, ही अंगठी बघा."

सैल अंगठी निसटू नये म्हणून तिच्या आतल्या बाजूला दोरा गुंडाळतात, तशी सोन्याची अंगठी होती. दोरा मांसात रुतून दिसेनासा झाला होता. बोट वरच्या पेरापर्यंत टम्म. घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मनगट उशीसारखं फुगलेलं. "सकाळी गाडीत ती अंगठी काढून खिशात टाकत होता," एक मित्र म्हणाला, "पडेल म्हणून."

तेवढ्यात ते घड्याळ थरथरलं आणि पडद्यावर निळा थेंब उमटला. पेशंटने डोळे मिटलेलेच ठेवून उजवा हात खांद्याकडे नेला आणि नळी चाचपायला लागला. पिशवी आम्ही केव्हाच काढून ठेवली होती.

"दर पंधरा मिनिटांनी वाजतं," मित्र म्हणाला. "पाणी प्यायची आठवण. त्यानेच लावलंय."

मी आरएल लावू नका म्हणून सांगितलं आणि एबीजीसाठी, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या झटपट तपासणीसाठी, रक्त घेतलं. हे मशीन कॅज्युअल्टीतच आहे. लॅबचा रिपोर्ट यायला तास लागतो, याच्यावर रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, दोन-तीन मिनिटांत दिसतं. तेवढ्या वेळात मी मित्रांना एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला: हा किती प्यायला?

सह्याद्रीतली पन्नास किलोमीटरची डोंगरी अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबची शर्यत, डिसेंबरात करायची म्हणून पाचही जण हिलच्या रस्त्यावर खाली-वर फेऱ्या मारत होते. रस्त्याच्या माथ्यावर, चाफेवाडी-फणसवाडीच्या बाजूला, गाडी लावलेली आणि डिकीत पाण्याचे वीस लिटरचे दोन जार. याला मागच्या मोसमात एका शर्यतीत पायात गोळे आले आणि निम्म्यातून परतावं लागलं. कुणीतरी सांगितलं, तू पाणी कमी पितोस. तेव्हापासून हा घड्याळ लावून पाणी पिणारा झाला. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाने एक एनर्जी जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी घ्यायचा साखरेचा पाक, पोटात गेलं. मग पोटाने संप केला. असं होतं, तासन्‌तास चढ चढताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्यांच्या वाट्याला थोडंच उरतं, आणि गोड चिकट जेल नुसतं बघून मळमळतं. चिक्कीचा तुकडा तोंडात फिरत राहिला आणि थुंकला गेला. खाणं बंद पडलं, पिणं मात्र घड्याळाबरहुकूम चालू. "पोटात पाणी डुचमळतंय असं म्हणत होता," मित्र म्हणाला. "आम्ही म्हटलं पी, उन्हात चालायचंच. गुडघा दुखत होता म्हणून पेनकिलरही दिली." बसला तेव्हा चौघांनी मिळून आणखी दोन लिटर पाजलं.

पाण्याची बेरीज साडेसात लिटरच्या वर गेली. तीही हे चौघे आपापसात वाद घालत असताना.

मशीनमधून कागद बाहेर आला: सोडियम ११९. असायला हवं १३५ ते १४५. प्यायलेल्या पाण्याने रक्त पातळ झालं होतं.

कागद माझ्या हातात असतानाच त्याला फिट आली. मान मागे, दात घट्ट, ट्रॉलीचे कठडे खडखडायला लागले. वॉर्डबॉय मामांनी त्याला कुशीवर धरलं, सिस्टरने ऑक्सिजन लावून सक्शन घेतलं, आणि मी औषधांच्या कपाटातून तीन टक्के सलाईनची शंभर मिलीची बाटली स्वतः काढून आणली, कारण ती साध्या सलाईनच्या शेजारी ठेवत नाहीत आणि घाईत सापडत नाही. शंभर मिली दहा मिनिटांत. मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते; पाणी पातळ रक्तातून मेंदूच्या पेशींत शिरत राहिलं तर पुढची पायरी श्वास थांबण्याची. तीन टक्क्यांचं खारट द्रावण ते पाणी परत बाहेर ओढतं.

आणि हो, ते आरएल लावलं असतं तर? त्यात सोडियम १३० च्या आसपास असतं. ऐकायला ११९ पेक्षा जास्त. पण अशा माणसाची किडनी त्यातलं मीठ लघवीत टाकते आणि पाणी ठेवून घेते. लांबचे श्रम, दुखणं, मळमळ यांनी मेंदू लघवी रोखणारं हॉर्मोन सोडत राहतो. नळ आतून बंद झालेला असतो. वरून घेतलेल्या पेनकिलर त्यात भर घालतात. एरवी धडधाकट माणूस तासाला जवळजवळ लिटरभर जादा पाणी लघवीतून बाहेर टाकू शकतो. डोंगरावर सहा तास चढलेल्याचं ते गणित मोडलेलं असतं.

पहिल्या बाटलीनंतर फिट थांबली. पण डोळे उघडून तो कुणालाच ओळखेना. दुसरी लावली. ती संपत आली तसं त्याने घड्याळाकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "ॲक्टिव्हिटी पॉज केली का कुणी?"

मित्रांपैकी एकजण भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. बाकीचे हसले. स्ट्राव्हावर, म्हणजे धावपटूंच्या नोंदींच्या ॲपवर, त्या रविवारी त्याच्या नावे खारघर ते आमचं हॉस्पिटल असा सरासरी ताशी चाळीसचा वेग नोंदला गेला होता म्हणे.

दुसऱ्या एबीजीत सोडियम १२४. तिसरी बाटली लागली नाही. आयसीयूत हलवला.

बायको सानपाड्याहून आली, तिने नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि सरळ मोठ्या मित्राला गाठलं. "भाऊजी, काय पाजलंत यांना?"

"वहिनी, फक्त पाणी. शपथेवर."

ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, ते खरं बोलतायत, आणि तेच झालंय. तिचा विश्वास बसेना, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. पाणी कमी पडून माणूस आजारी पडतो हे शाळेपासून सगळे शिकतात. पाण्याने फिट येते हे तिला कोण सांगणार? मग तिला वजन दाखवलं. हा गडी दर लांब पळण्याआधी वजन करून मोबाइलमध्ये नोंदवायचा: पहाटेची नोंद ७१.४ किलो. आयसीयूच्या बेडला काटा असतो, त्यावर भरलं ७३.१. सहा तास डोंगरात घाम गाळलेल्या, धड काही न खाल्लेल्या, शिवाय दोनदा ओकलेल्या माणसाचं वजन किलो-दोन किलोने उतरायला हवं. ते जवळजवळ पावणेदोन किलोने वाढलं होतं. आकडे बघितल्यावर ती खुर्चीत बसली.

मित्रांनी मात्र कॉरिडॉरमध्ये माझी चांगलीच उलटतपासणी घेतली, आणि मला ते आवडलं. "पण मॅडम, सॉल्ट कॅप्सूल घेतल्या होत्या त्याने." घेतल्या असतील, सात लिटर पाण्यापुढे चिमूटभर मीठ काय करणार. "इलेक्ट्रल दिलं होतं." किती? एक पाकीट अख्ख्या जारमध्ये. एक पाकीट एका लिटरसाठी असतं. आणि नीट बनवलेल्या ओआरएसमध्येसुद्धा लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं, रक्तातल्याच्या निम्मं. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये त्याहून पुष्कळ कमी. जुलाबात ते जीव वाचवतं, पण गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर तेही रक्त पातळच करतं. मीठ कमी पडलं हा यातला छोटा भाग, पाणी जास्त झालं हा मोठा.

मोठा मित्र कॉम्रेड्सची तयारी करत होता. दक्षिण आफ्रिकेतली नव्वदेक किलोमीटरची ती शर्यत मुंबई-ठाण्याच्या धावपटूंना पंढरीसारखी. मी त्याला सांगितलं की हे दुखणं त्याच शर्यतीने डॉक्टरांना दाखवलं. तिथले क्रीडावैद्यक टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अतिपाण्याने आजारी पडलेल्या चार खेळाडूंवर लिहिलं, त्याआधी असा माणूस आला की सगळे बाटलीच लावत. "म्हणजे रेअर," तो म्हणाला. फिट येण्याइतकं, हो. पण २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. बहुतेकांना पत्ताही नव्हता. धोका जास्त कुणाला? पहिल्या येणाऱ्यांना नाही. मागून सावकाश येणाऱ्यांना, कारण त्यांच्याकडे प्यायला वेळ असतो.

"मग प्यायचं किती?" चौघांचाही प्रश्न तोच. तहान लागेल तेवढं, असं म्हटल्यावर चेहरे पडले. त्यांना मिलिलिटर हवे होते. धावणारी माणसं आकड्यावर जगतात. किलोमीटरला किती मिनिटं, तासाला किती ग्रॅम कार्बोहायड्रेट. तो दुसरा आकडा मी देऊ शकत होते: ३० ते ६०, सराव असेल तर आणखी वर. आणि पोट जेल नाकारायला लागलं तर वेग कमी करा, उकडलेला बटाटा मीठ लावून खा, खजूर चघळा, पण खाणं थांबलं म्हणून त्याची भरपाई पाण्याने करू नका. पोटात डुचमळायला लागलं, बोटं सुजली, अंगठी अडकली, की पिणं बंद. लघवी होत नसेल तर आणखी पाणी हा त्यावरचा उपाय नाही. खरं डिहायड्रेशनही होतं, मी वर्षभर तेच बघते, एप्रिल-मेमध्ये तर पोत्याने. पण त्या माणसाचं वजन घटलेलं असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं आणि तो पाणी मागतो. याने मागितलं नव्हतं, याला घड्याळाने पाजलं.

रात्री साडेआठला आयसीयूतून सिस्टरचा फोन: युरिन बॅग दुसऱ्यांदा भरली, काही काळजी? उलट याचीच वाट बघत होतो. मळमळ आणि दुखणं थांबलं की हॉर्मोन ओसरतं आणि किडनी साठलेलं सगळं सोडून देते. फक्त सोडियम फार झपाट्याने चढत नाही ना, ते दर चार तासांनी बघायला सांगितलं. सकाळी १३७. अंगठी तोवर आपोआप निघाली होती. दोरा कापावा लागला.

डिस्चार्जच्या दिवशी खरी लढाई टीपीएशी, म्हणजे विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीशी, झाली. आमच्या डेस्कवरच्या मुलाने फॉर्मवर परस्पर "डिहायड्रेशन" लिहून पाठवलेलं, कारण धावपटू, ऑक्टोबर, खारघर. ते खोडून मी नीट निदान लिहिलं, तर पलीकडून क्वेरी आली: पाणी पिण्यासाठी आयसीयूत ॲडमिशन का लागली, आणि रुग्णाने पाणी स्वेच्छेने प्यायलं होतं काय. पेशंट बेडवर बसून उपमा खात होता. मी त्याला क्वेरी वाचून दाखवली. तो म्हणाला, "लिहा मॅडम, सक्तीने. घड्याळाने." मी दोन्ही एबीजी, वजनाची नोंद आणि फिटची वेळ जोडून पानभर उत्तर पाठवलं. संध्याकाळी क्लेम पास झाला, दोरा कापायला लागलेल्या ब्लेडचे सात रुपये वगळून.