तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस बोलवायचा की आधी स्वतः शोधायचं?

घरात काही बिघडलं की ओळखीतले लोक मला हे हमखास विचारतात. भिंतीला ओल आलीये, एमसीबी (विजेच्या बोर्डातला, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतोय, बाथरूममधून वास येतोय, तर सरळ माणूस बोलवू का आधी स्वतः वाचून, व्हिडिओ बघून काय ते समजून घेऊ? दरवेळी फोनवर घाईघाईत सांगते आणि अर्धं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहितेय.

माणूस बोलवाच. पण तो यायच्या आधी तुमच्या घराचा अभ्यास करून ठेवा. त्याच्या कामाचा अभ्यास वेगळा आणि घराचा वेगळा, हे मला एक भिंत विनाकारण फोडल्यावर कळलं.

झालं असं की आमच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे, तिथे स्कर्टिंगच्या वर हातभर ओल दिसायला लागली, रंगाचे पोपडे सुटले आणि त्यामागे पांढरा लोणा. पेंटरला दाखवलं तर तो म्हणाला खरवडून, प्रायमर मारून नवीन रंग देतो. वॉटरप्रूफिंगवाल्याने बाथरूमची सगळी फरशी काढायला सांगितली. कुणी फसवत होतं असं मला आजही वाटत नाही, ज्याला जे रोज दिसतं तेच त्याला आधी दिसतं, पण दोघांची उत्तरं इतकी लांबची होती की मी ठरवलं आता आपणच शोधायचं, आणि मग पंधरा दिवस रोज रात्री वाचत आणि व्हिडिओ बघत बसले. त्यातून माझं पक्कं झालं की भिंतीतला पाइप लीक आहे. मग मी प्लंबरला बोलावलं आणि त्याला ओल दाखवायच्या आधी उत्तरच सांगितलं, पाइप इथे लीक आहे, इथे फोडा. त्याने फोडलं. पाइप कोरडा ठणठणीत.

तो शांत माणूस होता, एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून फोडलं." ते मला फार लागलं, कारण त्याला बघू दिलं असतं तर त्याने कदाचित तिथे हातोडा लावलाच नसता. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे, आपण सर्च करताना लक्षण टाकतच नाही, मनात धरलेलं निदान टाकतो, "भिंतीतला पाइप लीक" असं टाकलं की सगळीकडे भिंतीतले लीक पाइपच दिसणार ना.

मग एक वयस्कर काका आले, आयुष्यभर प्लंबिंग केलेले. त्यांनी ओल बघितली, हात लावला, बाथरूममध्ये जाऊन आले आणि विचारलं, "ताई, हे वाढतं कधी?"

मला सांगता आलं नाही. पंधरा दिवस वाचून मला पाइपांचे प्रकार माहीत झाले होते, वॉटरप्रूफिंगची केमिकल्स माहीत झाली होती, आणि माझ्याच घरातली ओल पावसात वाढते का आंघोळीनंतर वाढते का रोज सारखीच असते हे मी बघितलंच नव्हतं. काका म्हणाले, दोन-तीन आठवडे नुसतं बघा, लिहून ठेवा, मग मला फोन करा.

मी काय केलं ते सांगते, कारण हे कुणालाही जमतं. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली, कड सरकली की नवीन रेघ. एका रात्री सगळे नळ बंद करून, टाकी भरलेली आहे हे बघून, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहिला, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत परत बघितला, आकडा तोच. म्हणजे मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन ठीक. मग टाकीची पातळी खूण करून तसंच एक रात्र बघितलं, तीही हलली नाही, म्हणजे टाकीपासून नळापर्यंतचे पाइपही बहुतेक ठीक, ते लीक असते तर पाणी रात्रभर जातच राहिलं असतं. ओलीच्या जागेवर प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवला. खोलीच्या बाजूने दव धरलं तर हवेतला दमटपणा, प्लास्टिकच्या आत भिंतीकडून थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. माझ्याकडे आतून आले. आणि सगळ्यात कामाची नोंद अशी की आम्ही चार दिवस बाहेरगावी होतो तेव्हा रेघ जिथल्या तिथे राहिली, परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सरकली. दरम्यान दोनदा जोरदार पाऊस झाला होता, त्याने काहीच फरक पडला नव्हता.

काकांना हे वाचून दाखवलं तर ते लगेच म्हणाले, म्हणजे आपण वापरतो ते पाणी. त्यांनी नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी जायचं जे भांडं असतं त्याचं, तोंड बंद केलं, बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं. पुढचे तीन दिवस रेघ हलली नाही. म्हणजे फरशी आणि तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग चांगलं होतं, जे सगळं उखडायला मला सांगितलं गेलं होतं! मग तोंड उघडून त्यांनी ट्रॅपमध्ये एकामागून एक बादल्या ओतल्या, आणि दुसऱ्या दिवशी ओल बोटभर वर. ट्रॅपला खालून पाइप जोडला होता तो सांधा सुटला होता. चार टाइल काढून काम झालं.

आता यात नोंदी माझ्या होत्या, पण तोंड बंद करून एकदा आणि उघडं ठेवून एकदा, ही युक्ती मला सात जन्मात सुचली नसती. त्यांनी शेकडो घरं बघितलीयेत, मी एकच बघितलंय. उलट त्या एका घरात मी रात्रंदिवस असते आणि ते अर्धा तास येतात, त्या अर्ध्या तासात ओल वाढताना त्यांना दिसणार कशी?

विजेचंही तसंच. मैत्रिणीकडे एमसीबी पडायचा, बघायला आलेला माणूस म्हणाला मोठा टाकून देतो. हे कृपा करून कधीही करू देऊ नका. एमसीबी असतो तारेसाठी, तार जेवढा करंट सोसू शकते त्याच्या आत तो पडला पाहिजे, तार तीच ठेवून 16 अँपिअरच्या जागी 32 चा टाकला तर तो पडायच्या आधी भिंतीतली तार तापेल आणि तुम्हाला कळणारही नाही. मी तिला फक्त तीन गोष्टी बघायला सांगितल्या: नेमकं बटण कोणतं पडतं, लगेच पडतं का थोड्या वेळाने, आणि तेव्हा काय काय चालू असतं. लगेच पडलं तर शॉर्ट सर्किटचा संशय, काही वेळाने पडलं तर लोड जास्त, आणि एमसीबी न पडता आरसीसीबी (करंट गळला की पडणारा वेगळा स्विच) पडत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. तिच्याकडे थोड्या वेळाने पडायचं, आणि दरवेळी 3000 वॉटचा गीझर आणि 2000 वॉटचा हीटर एकत्र चालू असायचे. 230 व्होल्टला ते जवळजवळ 22 अँपिअर होतात, एमसीबी 16 चा, तो आपलं काम चोख करत होता. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने हे ऐकून गीझरला वेगळी लाइन ओढून दिली. बोर्डाचं झाकण आपण उघडायचं नाही, बघायचं ते बाहेरून. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं ते मात्र अधूनमधून दाबून बघत जा, दाबल्यावर पडला नाही तर त्याच दिवशी माणूस बोलवा.

बाथरूमच्या वासाबद्दल थोडक्यात, न वापरलेलं बाथरूम असेल तर आधी जाळीत दोन तांबे पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी वाळलं की गटाराचा वास सरळ वर येतो.

भिंतीच्या तड्यांना मात्र मी स्वतः काही ठरवत नाही. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण, तारीख, शेजारी पट्टी धरून फोटो, बस. तडा वाढत असेल, तिरका जात असेल, बीम किंवा कॉलमवर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि तिथे वेळ घालवू नका. गॅसचा वास आला तर नोंदबिंद काही नाही, स्विचला हात न लावता बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

माणूस निवडायचा कसा, हेही विचारता. मी बघते की तो उत्तर द्यायच्या आधी काही विचारतो का, आणि फोडायच्या आधी एखादी टेस्ट करायला तयार आहे का. शक्य असेल तर नुसतं बघून सांगायचे पैसे वेगळे द्या, काम त्यालाच देईन असं न सांगता. ज्याला फरशी बदलायचे पैसे मिळणार आहेत त्यालाच फरशी बदलू का असं विचारणं त्याच्यावरही अन्याय आहे.

आमची भिंत लगेच रंगवली नाही. विटांची भिंत जाडीच्या हिशोबाने साधारण महिन्याला इंचभर वाळते असं धरतात, त्यामुळे पेंटरला थांबवलं, लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहिले आणि बरेच महिने ती तशीच विद्रूप ठेवली. काकांनी टाइल परत बसवायच्या आधी मी त्यांना पाच मिनिटं थांबवलं, टेप धरून ट्रॅप आणि पाइपचे फोटो काढले, भिंतीपासून किती अंतरावर, किती खोल. काका स्वतःच टेपचं टोक धरून बसले होते, म्हणाले, "पुढे जो येईल त्याला दाखवा."