मागचं दार

भुताच्या घरात शेवटी बंद वाट असावी, ही कल्पना माझी होती. म्हणूनच तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

मी मूळची वाईची. दक्षिण कोरियात सोलजवळ ग्यंगी प्रांतात एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. 2010 मध्ये भारत-कोरिया व्यापार करार लागू झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या प्रशिक्षित शिक्षकांना ही नोकरी करता येते. प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदाच वाट्याला येतो आणि सोबत कोरियन सहशिक्षिका असते. परदेशी शिक्षकाला आवर्जून कुणी काही सांगत नाही. ‘आजपासून तास 45 ऐवजी 40 मिनिटांचा’ असा कोरियन मेसेज कॉम्प्युटरवर येतो, तोही तासाला पाच मिनिटं असताना. ऑक्टोबर 2023 मध्ये शाळेच्या महोत्सवाची तयारी सुरू झाल्याचं मला असंच कळलं.

आठवीच्या वर्गानं ‘क्विशिने जिप’, म्हणजे भुताचं घर करायचं ठरवलं होतं. “सॅम, इंडियात भुताचं घर असतं का?” असं विचारत मुलं आली. ‘सॅम’ म्हणजे सर-मॅडम, तिथलं लाडाचं. मी त्यांना आपल्या गणपतीतल्या देखाव्यांबद्दल, पोत्यांच्या गुहांबद्दल सांगितलं आणि म्हटलं, शेवटी वाट बंद करा, माणूस अंधारात भिंतीला थडकला पाहिजे.

मुलांनी काय काम केलं! एकेकट्याची हलकी बाकं एकावर एक चढवून भिंती केल्या आणि त्यांवर काळं प्लास्टिक टाकलं. एक मुलगी सगळ्यांना सांगत होती, प्लास्टिक ताणू नका. ती ते वर टेपनं पक्कं करायची आणि खाली वीतभर सैल सोडायची. शेजारून माणूस गेला की ते आत ओढलं जायचं, भिंत श्वास घेत असल्यासारखं. हीच मुलगी माझ्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपते, कारण रात्री दहापर्यंत क्लासला असते. अशा मुलांना आळशी म्हणणारे शिक्षक मला तिथेही भेटले. त्यांनी त्या संध्याकाळी वर्गात यायला हवं होतं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी पाच वाजता उपमुख्याध्यापक आले, हातात मोजपट्टी घेऊन. वाट मोजली, 60 सेंटिमीटर भरली. तिथल्या वर्गांना कॉरिडॉरकडे दोन सरकती दारं असतात. मागचं दार आम्ही बाकं लावून बंद केलं होतं. ते त्या दाराशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, हे दार उघडा, वरची बाकं उतरवा, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी वाट ठेवा आणि आत एका वेळी चारच जण सोडा.

मी भडकले. चार दिवसांची मेहनत, आणि हे आदल्या संध्याकाळी! सहशिक्षिकेला म्हटलं, त्यांना सांगा, मुलांवर अन्याय होतोय. तिनं नुसती मान हलवली. मुलं एक शब्द बोलली नाहीत. त्या मुलीनं कात्री घेतली आणि स्वतःच लावलेला टेप कापायला सुरुवात केली.

त्यांचा तो गप्पपणा मला सहन होईना. वाटलं, यांना भांडायला कुणी शिकवलंच नाही.

भिंती पुन्हा उभ्या राहिल्यावर त्या मुलीनं दिवे बंद केले आणि चार जणांना आत उभं करून ओरडली, “पळा!” चौघं मागच्या दारातून बाहेर येईपर्यंत तिनं मोबाइलवर वेळ मोजली. मग एक बाक आणखी हलवलं आणि परत मोजली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. जेमतेम वर्षापूर्वी, 29 ऑक्टोबर 2022 ला, सोलमध्ये इतेवॉनच्या सुमारे सव्वातीन मीटर रुंद उतरत्या गल्लीतल्या चेंगराचेंगरीनं 159 बळी घेतले होते. हॅलोविनचा धडा यंदा नको, असं मला सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं. कारण कुणी बोललं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मला विचारायची गरज पडायला नको होती. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, पेटलेली दुकानं. त्या रात्री वाईत सारख्या गाड्यांचे आवाज येत होते आणि आईनं आम्हाला खिडकीशी जाऊ दिलं नाही. हे सगळं माहीत असलेली मी मुलांना सांगत होते, वाट बंद करा.

दुसऱ्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली. ती मुलगी पुढच्या दाराशी उभी होती, हात आडवा धरून. मागून रेटा आला की ओरडायची, “मिल्जी मासेयो!” ढकलू नका. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. उपमुख्याध्यापक दिवसभर मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. बाहेर पडणारं प्रत्येक मूल ते मोजत होते.

पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गावर तास होता. त्या संध्याकाळी तुला राग आला होता का, हे विचारायचं ठरवून मी गेले होते. ती बाकावर डोकं ठेवून झोपली होती. मी तिला उठवलं नाही.