ब्रुक्सबाईंपासून सुरुवात करा

‘अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची कविता वाचायची, तर सुरुवात कुठून करू?’ हे मला वरचेवर विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पोस्टरवर शोभेल अशी, मूठ आवळलेली कविता असते. मी मात्र ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचा पहिला संग्रह हातात ठेवते, १९४५ सालचा ‘अ स्ट्रीट इन ब्राँझव्हिल’.

ब्राँझव्हिल ही शिकागोच्या दक्षिण भागातली कृष्णवर्णीयांची वस्ती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसं कामासाठी तिथे लोटत होती आणि त्यांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, असे करार गोऱ्या मालकांनी आपसांत केले होते. मग आहे त्याच वस्तीतले मोठे फ्लॅट चिरून एकेका खोलीची बिऱ्हाडं झाली. त्यांना किचनेट म्हणत. बाथरूम सामाईक.

‘किचनेट बिल्डिंग’ ही त्यावरची कविता. ओळी फक्त १३. चौदा ओळींचं सुनीत होता होता एक कमी पडलेली. (ती जागेअभावी राहिली, असं मला उगीचच वाटतं.) इथे ‘स्वप्न’ हा शब्द ‘भाडं’ या शब्दापुढे लेचापेचा ठरतो. कांद्याच्या वासातून, तळलेल्या बटाट्यांतून, बोळात कालपासून कुजणाऱ्या कचऱ्यातून एखादं स्वप्न वर येईल का, असा विचार जरा कुठे सुरू होतो, तोच पाच नंबरचं बिऱ्हाड बाथरूममधून बाहेर पडतं. संपला विचार! पाणी कोमट आहे तोवर आत घुसायचं. चाळीत वाढलेल्या माणसाला यावर तळटीप लागत नाही. मलाही लागली नव्हती.

याच संग्रहात ‘द मदर’ आहे, गर्भपात केलेल्या बाईची कविता. प्रकाशकांनी हस्तलिखित कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांना दाखवलं. त्यांनी कौतुक केलं, पण ही एक कविता त्यांना खटकली. ब्रुक्सबाईंनी ती काढली नाही. तिशीही न गाठलेली बाई, पहिलंच पुस्तक आणि समोर राइट यांच्यासारखा नावाजलेला लेखक! खरं सांगायचं तर यासाठीच मी हे पुस्तक लोकांच्या गळ्यात मारते.

१९५० मध्ये ‘अ‍ॅनी अ‍ॅलन’ या पुढच्या संग्रहाला पुलित्झर मिळालं. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. बातमी आली तेव्हा त्यांच्या घरची वीज तोडलेली होती. तो संग्रह मात्र अवघड आहे; त्याला एवढ्यात हात घालू नका.